विश्लेषण : आवडती भाषा एक, पगाराची भाषा दुसरी! महाड-पोलादपूरचे ‘लॅपटॉपवाले चाकरमानी’ ताणात का?

गणेशोत्सवाच्या दिवसांत न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा महाडला संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. बाहेर ओटीवर आरतीची तयारी आणि आतल्या खोलीत क्लायंटचा कॉल, दोन्ही एकाच वेळी. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असेल तर त्याचे ऑफिस उघडते ते आपल्याकडे रात्री साडेनऊला, म्हणजे भजनाला रंग चढताना.

पूर्वी महाड-पोलादपूरचा चाकरमानी मुंबईहून सुटी टाकून यायचा आणि सुटी संपली की परत जायचा. आता पुण्यात हिंजवडीला किंवा नवी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये असलेला मुलगा लॅपटॉप घेऊन गावी येतो. घरच्यांना तो दिसतो, पण भेटत नाही. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्यामुळे ‘वर्क फ्रॉम होम मिळेल का’ हा प्रश्न आत्तापासूनच अनेक घरांत सुरू झाला असेल. या ताणामागे फक्त कामाचे तास आहेत, की आणखी काही? प्रोग्रामर मंडळींच्या आवडीनिवडीतून त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

प्रोग्रामरना नेमके काय आवडते?

‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ही कंपनी दरवर्षी जगभरातल्या प्रोग्रामरचे सर्वेक्षण करते. २०२५ मध्ये त्यात ४९ हजारांहून अधिक जणांनी भाग घेतला. वापरात जावास्क्रिप्ट नेहमीप्रमाणे पुढे होती आणि पायथनचा वापर एका वर्षात सात टक्के बिंदूंनी वाढून सुमारे ५८ टक्क्यांवर गेला. पण ‘वापरतोय आणि पुढेही वापरायला आवडेल’ असे सर्वाधिक वापरकर्ते ज्या भाषेबद्दल म्हणाले ती रस्ट. तिचे प्रमाण ७२ टक्के होते आणि हा मान तिच्याकडे कित्येक वर्षांपासून आहे.

रस्टच्या जन्माची गोष्टही ताणाचीच आहे. २००६ मध्ये ग्रेडन होअर हा प्रोग्रामर कॅनडात व्हँकुव्हरमधल्या आपल्या इमारतीत परतला, तर लिफ्ट बंद. तिचे सॉफ्टवेअर कोलमडले होते. घर २१व्या मजल्यावर. मेमरीच्या चुकांमुळे असे घडते, मग त्या चुका होऊच न देणारी भाषा का असू नये, या विचाराने त्याने काम सुरू केले. २०१५ मध्ये रस्टची पहिली स्थिर आवृत्ती आली. रात्री अडीचला ‘सिस्टिम बंद पडली’ असा फोन ज्याला येतो, त्याला ही भाषा का आवडते हे वेगळे सांगायला नको.

मग काम कशात मिळते?

इथेच खरी गोम आहे. लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडपासून जवळ, शेजारच्या माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. तिथून किंवा अन्य कुठल्याही कॉलेजातून बाहेर पडणारा मुलगा सी, जावा, पायथन शिकतो, यूट्यूबवरून आणखी दोन गोष्टी उचलतो आणि बहुतेक वेळा मोठ्या सेवा कंपनीत लागतो. तिथे भाषा तो निवडत नाही. कंपनीसुद्धा फारशी निवडत नाही. ती ठरवलेली असते परदेशातल्या बँकेने किंवा विमा कंपनीने, आणि तीही कधीकधी १५-२० वर्षांपूर्वी. पायथन शिकलेल्याला जुन्या जावाचा प्रकल्प मिळतो, जावावाल्याला टेस्टिंग, आणि एखाद्याच्या वाट्याला १९५९ सालची कोबोल. नाही म्हणावे तर ‘बेंच’वर बसण्याची धास्ती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केल्यापासून बेंच हा शब्द अधिकच बोचरा झाला आहे.

जुना कोड वाईटच असतो असे नाही. त्रास वेगळा आहे. प्रोग्रामर ज्याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात, ते कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. मे महिन्यात घराची शाकारणी करायची असते. यंदा वेळ नाही, पुढच्या वर्षी बघू, असे करत चार वर्षे गेली की जुलैत घरभर पातेली मांडावी लागतात. शाकारणी टाळणारा एक आणि रात्री उठून पातेली उपसणारा दुसरा, असे सॉफ्टवेअरमध्ये नेहमी होते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या सर्वेक्षणात ६२ टक्के व्यावसायिक प्रोग्रामरनी हेच कामातले सर्वांत मोठे वैतागाचे कारण असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ‘कामात आनंदी आहे’ म्हणणारे जेमतेम २० टक्के निघाले.

आवडीचा आणि ताणाचा संबंध काय?

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. नुसते काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, असे जुळून आले की खचतो. प्रोग्रामर एडिटरवरून, भाषेवरून तावातावाने भांडतात ते बाहेरच्याला पोरकट वाटते. पण दिवसाचे नऊ-दहा तास ज्या हत्याराशी गाठ, ते आपल्या हाताचे असावे, एवढेच त्यात असते. सुताराला दुसऱ्याचा रंधा दिला तर तो कुरकुरतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि हातून काम नीट होत नाही ही भावना, या तिची लक्षणे. यातली मधली खूण घरच्यांना आधी दिसते.

वीज गेली, रेंज गेली तर?

महानगरात बसून टूल निवडणे वेगळे आणि पोलादपूरच्या एखाद्या वाडीत आषाढात बसून वेगळे. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने बनवलेले ‘गिट’ हे कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन नेट नसतानाही चालते. बदल आपल्याच मशीनवर नोंदवायचे आणि रेंज आली की पाठवायचे. पण सेवा कंपन्यांतल्या अनेकांचे काम व्हीपीएनवरून, दूरच्या संगणकाच्या पडद्यावर चालते. तिथे नेट गेले की हात बांधले. ब्राउझरमध्ये चालणारे एडिटर आणि एआय सहायक यांचेही तेच. इन्व्हर्टर दोन-चार तास लॅपटॉप आणि राउटर ओढतो. मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली की तोही निरुपयोगी.

२२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला. वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली. तेव्हा करोनामुळे आयटीतले असंख्य लोक गावाकडूनच काम करत होते. पूर इतका मोठा नसतो त्या वर्षीही वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो. मग भोरमार्गे पुणे गाठण्याऐवजी माणगावहून ताम्हिणीचा वळसा. ‘उद्या ऑफिसला या’ हा निरोप हिंजवडीतून सोपा वाटतो, बिरवाडीतून नाही.

एआयने ओझे हलके झाले का?

काही अंशी. २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के जण एआय साधने वापरत होते किंवा वापरणार होते. पण त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर ४६ टक्क्यांचा विश्वास नव्हता. विश्वास असलेले ३३ टक्के. सर्वाधिक तक्रार होती ती ‘जवळपास बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही’ अशा उत्तरांची. पूर्ण चुकलेला कोड लगेच पकडता येतो, थोडा चुकलेला रात्र खातो. आणि एआयमुळे काम लवकर होते असे धरून मुदत आधीच कमी केलेली असेल, तर ती रात्र हिशेबात धरलेलीच नसते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि अतिरिक्त कामाची तिमाही मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. मात्र व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदे या कायद्याच्या तासांतून वगळलेली आहेत. आयटीत दोन-तीन वर्षांतच नावापुढे ‘लीड’ लागते. ती बढती खरोखर पर्यवेक्षकाची आहे की फक्त नावाची, यावर बरेच अवलंबून असते.

२०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. ७० हा आकडा त्याच्या बराच पुढचा.

कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. हिंजवडी त्यांच्याच बारामती मतदारसंघात येते. मात्र १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही.

त्यामुळे यंदाच्या गणपतीपुरते हाती उरते ते मॅनेजरशी आधी बोलणे. कोणत्या दिवशी, किती ते किती उपलब्ध हे लेखी ठरवून घ्यावे, जास्तीच्या तासांची नोंद स्वतःकडे ठेवावी, आणि वीज-नेटची अडचण आधीच कळवावी, नंतर सांगितली तर ती सबब ठरते. झोप उडाली असेल, सतत घालमेल होत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो. सेवा मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.