धक्क्याचा प्रवास

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात, अलोरे हे गाव आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून घाट उतरून कोळकेवाडीच्या धरणात येते व अलोरे येथे पुन्हा वीज देऊन पुढे वाशिष्ठी नदीस मिळते. घाटावरील कोयनानगर येथून सरळ रेषेत सुमारे 15 किलोमीटर दूर आहे.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगराच्या परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही या भागात लहानमोठे धक्के बसत आले आहेत. अशा वेळी पुष्कळदा आधी गडगडाट ऐकू येतो आणि लगोलग जमीन हादरते.

हवेत ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. कोयनानगराहून अलोऱ्यास हवेतून येण्यास त्याला पाऊण मिनिट लागले असते. मग गडगडाट धक्क्याच्याही आधी कसा पोहोचतो? कारण तो हवेतून आलेलाच नसतो! तो खडकातून येतो आणि शेवटी, अगदी पायांपाशी, जमिनीतून हवेत शिरतो.

देवळापुढील दाटीच्या रांगेत मागच्याने धक्का दिला, तर पुढचा मनुष्य लटपटतो. मागचा मात्र आपल्या जागीच असतो. खडकाचे कणही असेच शेजारच्या कणास ढकलून जागेवर परततात. प्रवास करतो तो धक्का, खडक नव्हे. सह्याद्रीच्या कठीण काळ्या पाषाणात कण एकमेकांस घट्ट धरून असतात, म्हणून तेथे ही लहर सेकंदास सुमारे 6 किलोमीटर धावते. पाण्यात तिचा वेग दीड किलोमीटरच भरतो.

भूकंपात आणखी एक लहर निघते. तिच्यामुळे कण प्रवासाच्या दिशेला आडवे हलतात. हिला दुय्यम लहर म्हणतात. खडकात तिचा वेग सेकंदास सुमारे साडेतीन किलोमीटर. पाण्यातून ती मुळीच जात नाही, कारण पाण्याचा एक थर दुसऱ्यास आडवे ओढू शकत नाही. घरे पाडते ती मुख्यतः हीच. वरचा भार सोसणारी दगडमातीची भिंत आडव्या हिसक्यापुढे टिकत नाही. आणि मऊ गाळाच्या जमिनीत ही लहर मंदावली, तरी तिचा हेलकावा वाढतो.

दोन्ही लहरी एकाच क्षणी निघतात, परंतु जेवढे अंतर अधिक, तेवढी दुसरी मागे पडते. पुण्यास हे अंतर सुमारे 15 सेकंदांचे होते. अलोऱ्यास मात्र गडगडाट आणि हिसका यांच्यामध्ये जेमतेम 2 सेकंद मिळतात. तेवढ्यात झोपलेला मनुष्य उठून बसतो, इतकेच.