पुष्पक यानातील कचेरी

मृत्यूनंतर जीवाचे काय होते, याविषयी आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडत असते. हाच विषय एखाद्या विज्ञानपटाने कचेरीतील दैनंदिन कामकाजाच्या रूपाने मांडावा, याचे मला नवल वाटले. नातवाच्या आग्रहावरून कळंबच्या घरी पाहिलेल्या त्या हिंदी चित्रपटाचे नाव ‘कार्गो’.

दिग्दर्शिका आरती कडव नागपूरच्या, म्हणजे आपल्याच विदर्भातील. कानपूरच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून त्या चित्रपटांकडे वळल्या. २०१९ साली मुंबईच्या महोत्सवात ‘कार्गो’ प्रथम दाखविला गेला. मार्च २०२० मध्ये तो अमेरिकेतील एका महोत्सवात जावयाचा होता, परंतु महामारीमुळे तो महोत्सवच रद्द झाला. सप्टेंबर २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि मोजक्या रसिकांच्या मनात घर करून राहिला. सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत मात्र फारसा पोहोचला नाही.

कथा साधी आहे. राक्षस आणि मानव यांच्यात तह झाला आहे. अंतराळात फिरणाऱ्या ‘पुष्पक’ यानावर प्रहस्त नावाचा राक्षस वर्षानुवर्षे एकटा नोकरी करतो. रोज पृथ्वीवरून मृत माणसे येतात. त्यांचे सामान काढून घ्यायचे, जखमा बऱ्या करायच्या, स्मृती पुसायची आणि पुढील जन्मासाठी रवाना करायचे, हे त्याचे काम. पुढे युविष्का ही तरुण सहायिका रुजू होते. विक्रांत मॅसी व श्वेता त्रिपाठी यांनी या भूमिका केल्या आहेत. प्रहस्ताशी पडद्यावरून बोलणारे अधिकारी म्हणजे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तील दादासाहेब फाळके, अर्थात नंदू माधव.

चित्रपटावरील संस्कार सहज ओळखता येतात. प्रहस्त हा रामायणातील रावणाचा सेनापती; पुष्पक विमान तर सर्वांच्या परिचयाचे. यानात चकचकीत शस्त्रास्त्रे नाहीत. जुन्या दूरचित्रवाणी संचांसारखे पडदे आणि बटणे आहेत. अंतराळात गेलेल्या माणसाला अखेर स्वतःच्या स्मृतीलाच सामोरे जावे लागते, हे तार्कोव्हस्कींच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ या रशियन चित्रपटाचे सूत्र येथेही आठवते.

मला मात्र सर्वाधिक आठवले ते विमलसूरींचे ‘पउमचरियं’. मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील या जैन रामायणात राक्षस हे नरभक्षक नसून विद्या साध्य केलेल्या विद्याधर मानवांचे कुळ आहे. रावणाची दहा मुखे म्हणजे त्याच्या कंठातील रत्नहारात पडलेली नऊ प्रतिबिंबे आणि त्याचे स्वतःचे मुख. राक्षसाला माणूस म्हणून पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. ‘कार्गो’तील डबा खाणारे, एकटेपणाने खचणारे राक्षस त्यामुळे मला परके वाटले नाहीत.

एक भेद मात्र मूलभूत आहे. आपल्या तत्त्वज्ञानात जीवाला पुढच्या गतीस पाठविणारी कचेरी नाही. त्याचे कर्मच त्याला नेते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, नवी वही उघडली तरी मागील बाकी पुढे ओढली जातेच. चित्रपटात स्मृती पुसली की जणू खातेच बंद होते.

बँकेत असताना मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल काही वर्षे माझ्याकडे होते. एकदा एका वृद्ध मातेने रकमेविषयी काही न विचारता, मुलाची अखेरची सही असलेली पैसे काढल्याची पावती मागितली. ती बँकेचे दप्तर असल्याने देता येत नव्हती. मी तसे सांगितले आणि पुढचा कागद ओढला. नियम बरोबर होता; पण ती सही मी त्यांना निदान पाहू द्यायला हवी होती.

प्रहस्तही आरंभी असाच मान वर न करता काम करतो. येणाऱ्यांकडे नीट पाहायला त्याला युविष्का शिकविते. मला ते शिकविणारे त्या काळी कोणी नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. समोर त्या माऊली उभ्याच होत्या. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी मी ज्यांना मनोमन हात जोडतो, त्यांत त्या असतात.