डीजेचें सॉफ्टवेअर आणि परकें साउंड कार्ड

लग्नसराई आली कीं जालना, अंबड, परतूर, भोकरदन या गांवीं वरातीपुढें ‘डीजे’ हा असावयाचाच. त्याच्या गाडीवरील कर्ण्यांची भिंत सर्वांस दिसते. परंतु संगणक व कर्णे यांच्यामध्यें बसणाऱ्या साउंड कार्ड नांवाच्या लहानशा पेटीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. संगणकांतील आंकड्यांचें विद्युत्‌लहरींत रूपांतर करणें हें तिचें काम. वादकास दोन स्वतंत्र वाटा लागतात: एक कर्ण्यांकडे, दुसरी हेडफोनकडे, कारण पुढचें गाणें लोकांच्या आधीं त्यानें ऐकावयाचें असतें. डावा-उजवा धरून हे चार मार्ग झाले. साध्या लॅपटॉपास बहुधा दोनच असतात.

जुन्या लॅपटॉपवर विनामूल्य लिनक्स घालून, बाजारांत मिळेल तें चार मार्गांचें कार्ड जोडून काम भागवूं पाहणाऱ्यास नामांकित सॉफ्टवेअर दारांतच अडवितें. दोष कार्डाचा, अशी समजूत होते. ती बहुधा चुकीची असते. यूएसबी ऑडिओ क्लास या सर्वमान्य संकेताप्रमाणें बनविलेलें कार्ड लिनक्समधील ‘अल्सा’ ही ध्वनिव्यवस्था आपण होऊन ओळखते. अडवणूक असते ती सॉफ्टवेअरच्या कुलुपाची. न्यूझीलंडच्या सेरातोनें २००४ सालीं काढलेलें ‘स्क्रॅच लाइव्ह’ हें रेन कंपनीच्या पेटीवांचून तबकड्यांस दाद देत नसे. पेटी हीच किल्ली!

विंडोजचीं सॉफ्टवेअरें लिनक्सवर चालविणारें ‘वाइन’ येथें अपुरें पडतें. पडद्यावर चित्र उमटतें, बटणें दिसतात; पण किल्लीची पेटी ओळखण्यास लागणारा विंडोजचा ड्रायव्हर वाइनला चालवितां येत नाहीं. मौज अशी कीं, बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचीं ‘ऑडिओ ४ डीजे’ व ‘ऑडिओ ८ डीजे’ हीं कार्डें चालविणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. त्याच कंपनीचें ‘ट्रॅक्टर’ मात्र विंडोज व मॅक यांच्यासाठींच मिळतें.

तेव्हां सॉफ्टवेअर आधीं ठरवावें, पेटीवर पैसे नंतर खर्चावे. डॅनिश संशोधक ट्यू हास्टे अँडरसन यांच्या अभ्यासांतून निघालेलें ‘मिक्स्स’ विनामूल्य आहे आणि कोणत्याहि कंपनीच्या कार्डाशीं त्याचें वैर नाहीं; पहिले दोन मार्ग कर्ण्यांस, तिसरा-चौथा हेडफोनास, एवढें त्यांत नेमून द्यावें लागतें. तबकडी हातानें फिरवूनच वाजविणाऱ्यास ‘एक्सवॅक्स’ अधिक रुचेल. मात्र त्यासाठीं कार्डास ध्वनि आंत घेणारे मार्गहि हवेत, ही गोष्ट खरेदीच्या वेळीं हटकून विसरली जाते.

राहिला विलंबाचा प्रश्न. सेकंदास ४४,१०० नमुने या हिशेबानें २५६ नमुन्यांचा सांठा सुमारें ६ सहस्रांश सेकंदाचा होतो. जुना लॅपटॉप एवढ्या घाईंत अडखळूं लागला, आवाजांत तडतड आली, तर सांठा १,०२४ नमुन्यांचा करावा. विलंब सुमारें २३ सहस्रांश सेकंद होईल. गाण्यास गाणें जोडणाऱ्याचें त्यानें कांहीं अडत नाहीं. तबकडी घासून ताल काढणाऱ्याच्या बोटांस तो कळतो.