सहा कळांचं यंत्र

ब्रेल पाटीवर लिहिताना अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि उलटी टोचावी लागतात. स्टायलसनं एकेक ठिपका दाबायचा. वाचायचं तर कागद काढून उलटा करायचा. पाटी स्वस्त आहे, खिशात मावते, पण लिहिता लिहिता मागचं वाक्य चाचपायची सोय तिच्यात नाही.

ती सोय पर्किन्स ब्रेलरनं दिली. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक गॅब्रिएल फॅरेल यांना टिकाऊ यंत्र हवं होतं. ते घडवलं डेव्हिड अब्राहम यांनी, त्याच शाळेतल्या सुतारकामाच्या शिक्षकानं. महायुद्धामुळे काम रखडलं आणि यंत्र बाजारात आलं 1951 साली. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली तीही त्याच वर्षी.

यंत्राला कळा सहा, ब्रेलच्या सहा ठिपक्यांसाठी. मधली लांब पट्टी जागा सोडायला. ‘म’ म्हणजे पहिला, तिसरा आणि चौथा ठिपका: डाव्या हाताची दोन बोटं, उजव्याचं एक, एकदम दाबायची. ठिपके खालून वर उमटतात, म्हणून लिहिलेलं तिथल्या तिथे बोटाखाली येतं. ओळ संपत आली की घंटी वाजते.

आता फोन सगळं वाचून दाखवतो, मग हे जड धूड कशाला, असं विचारलं जातं. फोनची मदत मोठीच आहे. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराचे ठिपके दुसरा-चौथा, दीर्घाचे तिसरा-पाचवा. बोटाला फरक लगेच कळतो. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहण्याची भीती मला फार वाटते.

त्याहून मोलाची गोष्ट खासगीपणाची. लेखनिकाकडून लिहून घेतलेलं पत्र आधी लेखनिकाला कळतं. रोजनिशी, प्रेमपत्र, उधारीचा हिशेब, अर्धवट सुचलेली कविता यांना तिसरा माणूस नको असतो. दृष्टिहीनांच्या सुखाचा विचार करताना आपण नोकरी, प्रवास, उपचार मोजतो. एकट्यानं लिहून, खोडून, पुन्हा लिहिण्याचा हक्क त्यात क्वचितच धरतो. तो धरायलाच हवा.

तमिळनाडूत काटपाडीच्या वर्थ ट्रस्टमध्ये हे ब्रेलर तयार होत आले आहेत, दिव्यांग कामगारांच्या हातून. तरीही पाटीच्या मानानं यंत्र फार महाग. शाळेत ते वाटून वापरता येतं. रोजनिशी लिहायची तर ते घरी हवं.