माकड कुठेही जगतं?

घाटात गाडी थांबली की कठड्यावरून झेप घेऊन वेफर्सची पिशवी पळवणारं माकड आपल्या ओळखीचं. कोकणात त्याला केलडं म्हणतात. त्याच्यावरून आपण सगळ्या माकडांबद्दल मत बनवून टाकतो: यांना काय, कुठेही जगतील.

सह्याद्रीतच याच्या नेमकं उलट उदाहरण आहे. काळं अंग, करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असलेलं सिंहपुच्छ माकड केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या सदाहरित जंगलांपलीकडे जगात कुठेच नाही. उत्तरेकडचा त्याचा शेवटचा मोठा मुक्काम कर्नाटकातलं अघनाशिनी नदीचं खोरं. वर्षभर काही ना काही फळ देणारं उंच झाडांचं सलग छत त्याला लागतं. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक शेजारच्या केलड्यांत नाहीत, ते सुमात्रा-बोर्निओकडे आहेत. पूर्वी ओलसर जंगलं मधल्या प्रदेशातही पसरलेली असावीत. हवामान कोरडं होत गेलं तशी ती आटली आणि हा वंश दोन टोकांना उरला, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

दुसरा गैरसमज: जंगल तुटलं तर प्राणी ‘उत्क्रांत’ होऊन निभावतील. तमिळनाडूतल्या वालपराईच्या चहामळ्यांमध्ये अडकलेल्या पुदुथोट्टमच्या जंगलतुकड्यातली सिंहपुच्छ माकडं आता रस्त्यावर उतरतात, स्वयंपाकघरात शिरतात. हा सवयीतला बदल झाला, उत्क्रांती नव्हे. मादीला पहिलं पिल्लू साधारण सहा वर्षांनंतर होतं आणि दुसरं त्यानंतर काही वर्षांनी. उत्क्रांतीला पिढ्या लागतात. करवतीला एक हंगाम पुरतो. शिवाय रस्त्यावर गाड्या आहेतच, म्हणून तिथे झाडाझाडांमध्ये जुन्या अग्निशामक नळ्यांचे पूल बांधले आहेत.

माणूस आजच्या माकडापासून झाला, हा उत्क्रांतीबद्दलचा आणखी एक जुनाच गैरसमज. दोघांचा समान पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर माकडंही बदलत आलीच आहेत.

आणि केलडी तरी खुशाल आहेत का? गावात उपद्रव वाढला म्हणजे संख्या वाढली, असं आपण धरून चालतो. पण उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड दख्खनमध्ये दक्षिणेकडे सरकतंय आणि केलड्यांची जागा घेतंय. केलडं आता धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. एका गावातून पकडलेली माकडं, जात न पाहता, दुसऱ्या जंगलात नेऊन सोडण्याची आपली रीत या सरकण्याला हातभारच लावते.