आठवी ब, तिसरा तास

पहाटे साडेपाच

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत या वेळी दोनच गोष्टी धड चालतात, नळ आणि इंटरनेट. सात वाजले की दोन्हींचा जोर ओसरतो, म्हणून पाणी भरणं आणि धडे उतरवून घेणं मी एकदमच उरकते. सासूबाई माळ ओढता ओढता विचारतात, "काहून गं, रात्रीच काऊन नाही करून ठेवत?" रात्री घरात चार मोबाईल जागे असतात, हे त्यांना ठाऊक असूनही त्या रोज विचारतात.

शाळेत गेल्यावर नेटच्या भरवशावर राहायचं नाही, हा पहिला नियम. लागेल ते सगळं पेनड्राइव्हवर हवं. आजचा ऐवज असा: एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरून आठवीच्या सामाजिक विज्ञानाच्या पुस्तकातलं मराठ्यांचं प्रकरण, इंटरनेट आर्काइव्हवरून १९०९ च्या रायपूर जिल्हा गॅझेटियरची पानं, आणि नागपूरच्या भाचीकडून मागवलेलं ई-बालभारतीचं सातवीचं इतिहासाचं पुस्तक. भाची आता दहावीला आहे, पण मावशीला पुस्तक पाठवताना दुवा चालत नाही, फाईलच लागते, एवढं तिला पाठ झालं आहे.

आठवीचं हे पुस्तक २०२५ मध्ये नवं आलं. आधीच्या पुस्तकांत मराठ्यांची बोळवण थोडक्यात व्हायची, आता त्यांना स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात १७५९ सालचा मराठा साम्राज्याचा एक नकाशा आहे. २०२५ च्याच ऑगस्टमध्ये जैसलमेरच्या राजघराण्याने हरकत घेतली की आमचं राज्य मराठ्यांच्या रंगात का रंगवलं? मग एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली. वर्तमानपत्रांतून जैसलमेर गाजलं. त्याच नकाशात पूर्वेला कटकच्या वाटेवर आमचा छत्तीसगढही येतो, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण १७५९ च्या जेमतेम एक वर्ष आधी नागपूरच्या भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले इथल्या रतनपूरच्या गादीवर येऊन बसले होते.

सकाळी आठ

पहिला तास सहावीचा, अक्षांश-रेखांश. या विषयावरच्या व्हिडिओंना तोटा नाही आणि बहुतेक सगळ्यांत उदाहरण एकच: अरुणाचलात सूर्य उगवतो तेव्हा गुजरातेत अजून अंधार असतो, फरक दोन तासांचा. उदाहरण चुकीचं नाही, पण माझ्या वर्गातल्या कोणी अरुणाचल पाहिलेलं नाही आणि गुजरातही नाही.

मी इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ उघडलं, म्हणजे पहाटे घेऊन ठेवलेली त्याची चित्रं उघडली. रायपूर साधारण ८१.६ अंश पूर्वेला. आपल्या प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर, आणि ते छत्तीसगढमधूनच जातं. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब पोरांनीच केला: आपल्या घड्याळात आणि सूर्यात फक्त साडेतीन मिनिटांचं अंतर. मुंबईचं काढा म्हटलं, तर अडतीस-एकोणचाळीस मिनिटं आलं. एकजण म्हणाला, "मतलब मुंबई वाले लेट हैं।" वर्ग खूश. भारताची वेळ जवळजवळ आपल्याच डोक्यावरून जाते, हे त्यांना कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? व्हिडिओ सगळ्या देशासाठी केलेला असतो.

साडेनऊ, आठवी ब

मोठा पडदा असलेली खोली एकच आहे, तिची पाळी आज आमची. दार लावलं, पंखा बंद केला (तो चालू असला की पडदा हलतो) आणि नकाशा लावला.

"रायपूर दाखवा." तीन बोटं तीन ठिकाणी गेली. नकाशावर रायपूरचं नाव नसलं की ते शोधताना मुलांची जी तारांबळ उडते, ती पाहण्यासारखी असते. शेवटी महानदीच्या आधाराने सापडलं.

मग गॅझेटियरचं पान. इंग्रजी जुनं, टाईप बारीक. म्हणून त्यातल्या मजकुराचा हिंदी गोषवारा मी आधीच छापून आणला होता. गोष्ट १७४१ ची. रतनपूरचा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह साठीच्या पुढचा. त्याचा एकुलता मुलगा वर्षभरापूर्वी वारलेला, त्यामुळे राज्यकारभारातून मन उडालेलं. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर निघालेले, सोबत चाळीस हजारांची फौज असल्याचं म्हणतात. तोफा किल्ल्यावर लागल्या, राजवाड्याचा काही भाग ढासळला, आणि एका राणीने तटावर चढून तहाचं निशाण दाखवलं. दरवाजे उघडले. एक लाख रुपये दंड बसला. फौज पुढे बंगालकडे गेली.

रायपूरच्या धाकट्या शाखेची कथा त्याहून मुकाट्याने संपते. इथला राजा अमरसिंह. त्याला १७५० मध्ये गाजावाजा न करता बाजूला केलं आणि पोटापाण्यासाठी राजिम, पाटण आणि रायपूर हे परगणे ठेवले, त्यांबद्दल वर्षाला सात हजार रुपये भरायचे. पुढे त्याच्या मुलाच्या वाट्याला एक गाव आणि दर गावामागे एक रुपया एवढंच उरलं.

"दर गावामागे एक रुपया" इथे वर्ग थबकला. लढाया त्यांनी सिनेमात पुष्कळ पाहिल्या आहेत. राजाच्या मुलाने गावोगावचा एकेक रुपया मोजून दिवस काढावेत, हे नवीन होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाचं आजोळ पाटणजवळ आहे. तो उठून विचारता झाला, "काबर मैडम? ओकर कसूर का रिहिस?" त्याचा गुन्हा काय होता? मी उत्तर दिलं नाही. तिसरं पान लावलं.

ते बालभारतीचं. मराठी लिपी नागरीच, त्यामुळे मुलं अडखळत का होईना वाचतात आणि अर्ध्याअधिक शब्दांचा अर्थ लावतात. इथे साम्राज्याची वाटचाल आहे, पूर्वेकडच्या मोहिमा आहेत, रघुजी भोसल्यांचं कर्तृत्व आहे. तीच माणसं, तीच वर्षं. पण रतनपूरच्या तटावरून दिसणारी फौज आणि नागपूरच्या वाड्यातून निघणारी फौज एकसारखी दिसत नाही.

"कोनो एक झूठ बोलथे," समोरची मुलगी म्हणाली. कोणीतरी एकजण खोटं बोलतोय.

मला हवं होतं ते इथे सुरू झालं. खोटं कोण हे आधी ठरवू नका, म्हटलं. कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं, ते पाहा. गॅझेटियर १९०९ चं, म्हणजे घटनेनंतर १६८ वर्षांनी लिहिलेलं, तेही नेल्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने. इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं १८५४ मध्ये. आधीचे राज्यकर्ते लुटारू होते, असं सांगितल्यावर नंतरच्यांची बाजू आपोआप उजळते. बालभारतीचं पुस्तक महाराष्ट्रातल्या मुलांसाठी, त्याला आपल्या पूर्वजांचा अभिमान जागवायचा आहे. दिल्लीच्या नव्या पुस्तकाला मराठ्यांना आजवर न मिळालेली जागा द्यायची आहे. प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम आहे, आणि त्या कामाच्या ओझ्याखाली रतनपूरचा म्हातारा राजा कुठे दिसतो, कुठे दिसत नाही.

"और आप, मैडम?" त्याच मुलीने विचारलं. "वो मन तुंहर राजा रिहिन का?"

ते तुमचे राजे होते का? वर्गात खसखस पिकली. माझं आडनाव फळ्यावर नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे, आणि दर गणपतीला मी कुठे असते तेही. "राजा नागपुर का था," मी म्हटलं, "लगान यहाँ का।" हशा झाला, पण प्रश्न काही तेवढ्याने मिटला नाही आणि मिटायलाही नको. रायपुरातल्या मराठी घरांमधून भोसल्यांचं नाव अजूनही आपलेपणाने घेतात. आम्ही इथे आलो ते कारकून, पुजारी, शिक्षक, वकील म्हणून. फौजेबरोबर किती आले आणि मागाहून किती, याची उठाठेव कोणी करत नाही. मी हे प्रकरण शिकवते तेव्हा आवाज आपसूक जरा चढतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर तीन पानं पडद्यावर लागतात. पुढच्या वेळी एकेक गट एकेका पानाची बाजू घेऊन बोलेल. माझ्या चढ्या आवाजावर त्याहून चांगला उतारा मला सापडलेला नाही.

तास संपता संपता कोणीतरी दसऱ्याच्या सोन्याचा विषय काढला. विजयादशमीला सोनं वाटायची चाल इथे बिंबाजींनी आणली, असं छत्तीसगढच्या इतिहासाच्या पुस्तकांत असतं. मोडी लिपीचा वापरही त्यांच्याच काळात वाढला म्हणतात. "मग ती चांगली गोष्ट की वाईट?" असा सरळ प्रश्न एका मुलाने केला, तेवढ्यात घंटा झाली. घंटेने कधी कधी फार सांभाळून घेतलं आहे मला.

अकरा

मधली सुट्टी. शिक्षकखोलीत यूडायसचा तक्ता भरणं चालू आहे. प्रत्येक मुलाची माहिती, एकेक रकाना. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्यातली एक शिक्षिका आधी महासमुंदच्या बाजूला सरकारी शाळेत होती. चहा पिताना तिला २०२० चे दिवस आठवले. एप्रिलमध्ये राज्याने 'पढई तुंहर दुआर' हे संकेतस्थळ सुरू केलं, पण तिच्या गावात स्मार्टफोनच मोजके. मग 'बुलटू के बोल' निघालं. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. शिक्षक आठवडी बाजारात जाऊन साध्या, बटणांच्या फोनवर धड्यांचे आवाज पाठवायचे. भाजी घ्यायला आलेली आई टोपलीत दोडकी आणि फोनमध्ये इतिहास घेऊन घरी जायची. ऑनलाइन शिक्षणाबद्दल मी ऐकलेली ही सर्वांत शहाणी कल्पना, आणि तिला नेट लागत नव्हतं.

साडेअकरा, नववी

संविधान कसं घडलं. पुस्तकातला क्यूआर कोड कोणाच्या तरी डब्यातल्या तेलाने पुसला गेला होता. त्याखालची सहा अक्षरं दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर टाकली की तोच धडा उघडतो, हे मुलांना माहीत नसतं. ते दाखवलं.

पण नववीचा खरा खेळ संविधान सभेच्या चर्चांचा. त्या सगळ्या नेटवर आहेत, वक्त्याच्या नावाने शोधता येतात. मुलांना आंबेडकर, नेहरू, पटेल ठाऊक. मी तीन नावं दिली: दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त, कांकेरचे रामप्रसाद पोटाई, आपले रविशंकर शुक्ल. शुक्लांच्या नावाचं विद्यापीठ रोज येता-जाता दिसतं. संविधानाच्या हिंदी अनुवादाच्या समितीचे अध्यक्ष गुप्त होते, आणि २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही सह्या केल्या. दुर्गहून येणाऱ्या एका मुलाची छाती फुगली. घरकाम: या तिघांपैकी एकाने सभेत काय म्हटलं ते शोधा, एक परिच्छेद, स्वतःच्या शब्दांत. निदान चौघेजण तरी यंत्राकडून लिहून आणतील. ओळखू येतं, त्यांची हिंदी एकाएकी फार गुळगुळीत होते.

दुपारी तीन

घरी. वरण-भात, झोपेचा प्रयत्न, मग पुन्हा संगणक.

आठवीतल्या मुलांना मी घरी 'बिंबाजी भोसले' शोधायला सांगितलं आहे, तर त्यांना काय दिसेल ते आधी पाहून ठेवावं. दिसतात त्या बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या. कोणता भोसला, कोणतं साल, कोणती प्रथा: एका ओळीचे प्रश्न, चार पर्याय. माहिती पुष्कळशी बरोबरच असते, पण कुठून घेतली ते कोणी लिहीत नाही. एकाने दुसऱ्याची उचललेली, दुसऱ्याने तिसऱ्याची. चूक असेल तर तीही तशीच दहा ठिकाणी, आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून खरी.

वीर नारायणसिंहांचंच पाहा. सोनाखानचे जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचं कोठार फोडून धान्य लोकांना वाटलं, आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात इंग्रजांनी त्यांना मारलं. मुलांना ते नव्या रायपूरच्या क्रिकेटच्या मैदानावरून माहीत. जयस्तंभ चौकात फाशी दिली, असं बहुतेक पुस्तकांत आहे. तोफेच्या तोंडी दिलं, असं सांगणारेही तितक्याच ठासून सांगतात. आणि टपाल खात्याने १९८७ मध्ये काढलेल्या त्यांच्या तिकिटावर तोफच आहे. सरकारी तिकीट एक सांगतं, सरकारी पुस्तक दुसरं. डिसेंबरसाठी याहून चांगला धडा मला कोण देणार? तिकिटाचं मोठं चित्र उतरवून घेतलं, फाईलला नाव दिलं.

संध्याकाळी बुढातलावाकडे एक फेरी, येताना कोथिंबीर.

रात्री साडेनऊ

पालकांच्या गटात निरोपांची रांग. कोणाच्या मुलीला ताप, कोणाला बसची वेळ हवी. एका वडिलांनी बिंबाजींवरच्या पन्नास प्रश्नांचं पान उत्तरांसकट पाठवलं आहे. पाटणच्या आजोळवाल्या मुलाने आजोबांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला, चार मिनिटांचा, अस्सल छत्तीसगढीत; गावात जुन्या राजाच्या नावाने एक तळं आहे असं काहीसं ते म्हणताहेत. मला निम्मंच कळलं. उद्या त्यालाच वर्गात अर्थ सांगायला लावीन.

त्याखाली लगेच दुसऱ्या एका आईचा प्रश्न: "मैडम, ये सब परीक्षा में आएगा क्या?"

येईल, असं कळवून टाकलं. त्याशिवाय कोणी आजोबांना विचारायला जात नाही.