मद्य आणि मज्जातंतू

मद्याचे दुष्परिणाम म्हटले की यकृताची आठवण सर्वांना होते. पायांची सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः वर्षानुवर्षे बेसुमार मद्यपान करणाऱ्याच्या मज्जातंतूंना जी हानी पोहोचते तिची पहिली वार्ता बहुधा तळपायांतूनच येते. तळव्यांना मुंग्या येतात, रात्री अंथरुणात त्यांची आग होते. कधीकधी पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. पुढे तोच भाग बधिर होतो आणि पायातील चप्पल निसटल्याचेही कळेनासे होते. ही बधिरता पायमोज्याप्रमाणे वर चढत जाते. ती गुडघ्यांपाशी येईतो हातांची बोटे बधिर होऊ लागलेली असतात.

पायच प्रथम का? कमरेच्या मणक्यांपाशी उगम पावून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याला लागणारी प्रथिने मुख्यतः वरच्या टोकाशी असलेल्या पेशीत तयार होतात आणि तेथून थेट शेवटापर्यंत वाहून न्यावी लागतात. या वाहतुकीत बिघाड झाला की सर्वांत दूरचे टोक आधी उपाशी राहते.

परंतु हा बिघाड करतो कोण, मद्य की उपासमार? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८८१ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके याने मेंदूच्या एका तीव्र विकाराचे वर्णन केले. डोळ्यांची हालचाल थांबणे, तोल जाणे आणि बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. त्याच्या तीन रुग्णांपैकी दोन पुरुष मद्यासक्त होते. तिसरी रुग्ण मात्र गंधकाम्ल प्राशन केल्यामुळे सतत वांत्या होऊन अन्नाला पारखी झालेली तरुणी होती. या तिघांना जोडणारा दुवा ब१ जीवनसत्त्वाचा अभाव हा होता, हे पुढील शतकात स्पष्ट झाले. साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी मज्जापेशींना हे जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. शरीरातील त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम, रोजची गरज एक मिलिग्रॅमहून थोडी अधिक. म्हणजे काही आठवड्यांतच कोठार रिकामे! मद्यपी जेवणाऐवजी पितो, आणि जे थोडे खातो त्यातील जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यातही मद्य अडथळा आणते.

१९३५ मध्ये मॉरिस स्ट्रॉस या अमेरिकन वैद्याने रुग्णांना व्हिस्की पिऊ दिली, मात्र सकस आहार व ब जीवनसत्त्वेही दिली. त्यांच्या मज्जातंतूंचा विकार सुधारला. तेव्हा दोष सारा कुपोषणाचा, मद्य निर्दोष, असा समज दृढ झाला. पिणाऱ्यांना तो सोयीचाही होता! मात्र २००१ मध्ये हारुकी कोइके व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ज्यांच्या शरीरात ब१ पुरेसे होते अशा मद्यासक्तांतही वेदनादायक मज्जाविकार दाखवून दिला. त्यांच्यात वेदना व उष्णता जाणणारे बारीक तंतू विशेषकरून नष्ट झालेले आढळले. मद्य व शरीरात त्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड तंतूंना प्रत्यक्षच अपाय करतात, असे आता मानले जाते. तात्पर्य, शक्तीच्या गोळ्या घेऊन पिणे चालू ठेवणारा मनुष्य अर्धाच उपचार करीत असतो.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी हवी. मधुमेह, कुष्ठरोग आणि ब१२ जीवनसत्त्वाची उणीव यांतही पाय बधिर होतात. ‘पितो म्हणून झाले असेल’ असे गृहीत धरून तपासणी टाळणे घातक ठरते. बधिर पायाला झालेली जखम दुखत नाही, म्हणून ती चिघळेपर्यंत दुर्लक्षित राहते.

मद्य पूर्णपणे सुटले आणि आहार सुधारला तर पुढील हानी बहुधा थांबते, जळजळ हळूहळू ओसरते. तुटलेला तंतू पुन्हा वाढू लागला तरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतकीच त्याची गती असते. म्हणून सुधारणा दिसायला महिनेच्या महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर ती पूर्ण होत नाही.